रेसिडेंट डॉक्टरांना मुलांचा लठ्ठपणा ओळखायला आणि त्यावर बोलायला कसं शिकवावं?

प्रश्न जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात बालरोग शिकवणाऱ्या सहकाऱ्यांचा आहे. थोडक्यात असा: "लठ्ठपणावर आम्ही दरवर्षी एक व्याख्यान ठेवतो. परीक्षेत सगळे रेसिडेंट (एमडी करणारे निवासी डॉक्टर) नीट उत्तर लिहितात. पण ओपीडीत तेच रेसिडेंट लठ्ठ मुलाला खोकल्याचं औषध लिहून पाठवून देतात, वजनाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. आणि बोललेच तर आईला असं झापतात की ती पुन्हा फिरकत नाही. प्रशिक्षण द्यायचं तरी कसं?"

व्याख्यान बंद करा असं मी म्हणणार नाही, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका. २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात लहान मुलांच्या लठ्ठपणाचा स्वतंत्र विषय आहे, त्यामुळे एमडीला येणाऱ्या मुलामुलींना कारणं, गुंतागुंत, तपासण्या हे सगळं तोंडपाठ असतं. येत नाहीत त्या दोनच गोष्टी. समोर बसलेल्या मुलात लठ्ठपणा दिसणं, आणि दिसल्यावर आईवडिलांशी पहिली दोन मिनिटं बोलणं. लंबर पंक्चर (पाठीच्या कण्यातून सुईने पाणी काढणं) आपण व्याख्यानातून शिकवत नाही. आधी बघू देतो, मग शेजारी उभं राहून करायला लावतो. इथेही तेच करावं लागतं.

आधी दिसण्याबद्दल. आपल्या बालरोग विभागांची नजर कुपोषणावर घडली आहे, आणि त्यात गैर काही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं खुजी आढळली. त्याच फेरीत त्याच वयोगटातली ४.१ टक्के मुलं जास्त वजनाची होती, आणि हा आकडा आधीच्या फेरीत १.९ होता. दिवसभर वॉर्डात हाडं दिसणारी मुलं पाहिलेल्या रेसिडेंटला ओपीडीत भरल्या गालांचं मूल दिसलं की हायसं वाटतं. शिवाय तो त्याच समाजातून आलेला असतो जिथे 'सुदृढ बालक स्पर्धा' भरतात आणि गुटगुटीत बाळाला मीठमोहऱ्यांनी ओवाळून दृष्ट काढतात. त्यामुळे नुसत्या नजरेवर विसंबलं की मध्यम लठ्ठ मूल त्याला 'खात्यापित्या घरचं' वाटतं, आणि फार लठ्ठ असेल तेवढंच खटकतं. तोवर चार-पाच वर्षं हातची गेलेली असतात.

म्हणून पहिला नियम असा करा की नजरेवर काहीच सोडायचं नाही. खोकला असो, जुलाब असो की लस, ओपीडीत आलेल्या प्रत्येक मुलाचं वजन, उंची आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) केस पेपरवर लिहायचं आणि तक्त्यावर टिंब काढायचं. 'लिहायचं' आणि 'टिंब काढायचं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिहिणं बहुतेक ठिकाणी होतं, नर्स लिहून पाठवते. टिंब कोणी काढत नाही. सगळी गळती तिथेच होते.

एक उदाहरण मी प्रत्येक नव्या बॅचला देते. दहा वर्षांचा मुलगा, उंची १४० सेंटिमीटर, वजन ४८ किलो. बीएमआय काढा. २४.५ येतो. मग विचारते, नॉर्मल की नाही? वर्गातले अर्धे तरी 'नॉर्मल' किंवा फार तर 'थोडा जास्त' म्हणतात, कारण डोक्यात मोठ्या माणसांचा २५ चा आकडा बसलेला असतो. तक्त्यावर ठेवला की तोच मुलगा लठ्ठपणाच्या रेषेच्या बराच वर जातो. लहान मुलाच्या बीएमआयला वयाशिवाय अर्थ नाही हे वाक्य सगळ्यांनी वाचलेलं असतं. या टिंबानंतर ते पक्कं बसतं.

तक्ते कोणते वापरायचे यावर घोळ घालू नका. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते. तिथे अधिक दोन एसडीच्या (सरासरीपासूनचं अंतर मोजायचं एकक) वर जास्त वजन आणि अधिक तीनच्या वर लठ्ठपणा. पाच ते अठरा वर्षांना भारतीय बालरोग अकादमीचे २०१५ चे तक्ते. पुण्याच्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचं काम त्यांच्या मुळाशी आहे. या तक्त्यांवर बीएमआयच्या वरच्या दोन रेषांना, जास्त वजनाच्या आणि लठ्ठपणाच्या, '२३' आणि '२७' असे प्रौढांचे आकडे दिलेले आहेत. अठराव्या वर्षी २३ आणि २७ ला पोचणाऱ्या त्या रेषा खाली लहान वयापर्यंत ओढत आणल्या आहेत. २३ ची रेषा मुलग्यांमध्ये साधारण ७१ व्या आणि मुलींमध्ये ७५ व्या पर्सेंटाइलवर (त्या वयाच्या शंभर मुलांत खालून कितवं) येते, २७ ची ९० व्या आणि ९५ व्या.

रेसिडेंट इथे हमखास विचारतात की मोठ्यांचे नेहमीचे २५ (जास्त वजन) आणि ३० (लठ्ठपणा) सोडून २३ आणि २७ का. हा प्रश्न टाळू नका, कारण इथेच विषय आपल्या मातीतला होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने आसपासच्या खेड्यांतली बाळं जन्मतःच मोजली. सरासरी वजन २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅम कमी. पण पाठीच्या कातडीखालची चरबी मोजली तर ती त्या प्रमाणात कमी नव्हती. कमी होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. किडकिडीत दिसणारं, आतून चरबीचं बाळ. याज्ञिकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी एकाची २१.२ टक्के आणि दुसऱ्याची ९.१. एकवीसवाले आपले याज्ञिक. ही गोष्ट सांगितली की २३ ची रेषा पुन्हा शिकवावी लागत नाही. त्याला जोडून कंबर मोजायलाही शिकवा. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरला तर पोटावरची चरबी वाढलेली आहे. टेप खिशात असली की झालं.

मोजमापाची शिस्त हा कंटाळवाणा भाग आहे, पण तो सोडून चालत नाही. दप्तर खाली, बूट बाहेर, मुलींच्या वेण्या आणि अंबाडे सैल. स्टेडिओमीटरला (उंची मोजायच्या उभ्या पट्टीला) टाचा टेकलेल्या, नजर समोर. वरच्या मुलाची उंची दोन सेंटिमीटरने चुकली तर २४.५ चा २३.८ किंवा २५.२ होतो. पुढच्या भेटीत बीएमआय कमी आला तर खरंच फरक पडला की उंची चुकीची घेतली, हे मग कळायला मार्ग नाही. रक्तदाबाचं तसंच. तीन वर्षांपुढच्या प्रत्येक लठ्ठ मुलाचा रक्तदाब घ्यायचा, आणि दंडाला बसेल तो कफ (गुंडाळायचा पट्टा) शोधून घ्यायचा. विभागात एकच लहान कफ असेल तर जाड दंडाच्या प्रत्येक मुलाला उगाच उच्च रक्तदाबाचं लेबल लागतं.

आता थोडं विषयांतर वाटेल, पण माझ्या मते प्रशिक्षणाचा अर्धा जोर इथे हवा. लठ्ठ मुलाबद्दल बोलायला शिकवण्याआधी बारीक मुलाबद्दल बोलायला शिकवा. बाळाचा बीएमआय पहिल्या वर्षानंतर उतरायला लागतो, पाच-सहा वर्षांच्या आसपास तळाला जातो आणि मग पुन्हा चढतो. म्हणजे दोन ते पाच या वयात मूल बारीक दिसणं हा निसर्गाचाच बेत आहे. बाळसं उतरतं, बरगड्या दिसतात, भूक कमी होते. आई घाबरते, सासू टोमणे मारते, आणि दोघी मुलाला घेऊन आपल्याकडे येतात. "डॉक्टर, हा काही खातच नाही." गर्दीच्या ओपीडीत रेसिडेंट काय करतो? भूक वाढवायचं सिरप लिहितो. त्यातलं सायप्रोहेप्टाडीन हे मुळात ॲलर्जीचं औषध आहे, भूक वाढणं हा त्याचा दुष्परिणाम, आणि तो दुष्परिणाम आपण वर्षानुवर्षं उपचार म्हणून विकत आलो आहोत. सोबत डब्यातली चॉकलेटी पावडर 'दुधातून द्या' म्हणून. मग मोबाइल समोर धरून भरवणं सुरू होतं. मूल पोट भरल्याची स्वतःची खूण विसरतं. ज्यांचा बीएमआय पाच-सहाच्या आधीच वर वळतो त्यांना पुढे लठ्ठपणाचा धोका जास्त. हा वळणबिंदू रेसिडेंटला तक्त्यावर बोटाने दाखवायला लावा. आणि 'खात नाही' म्हणून आलेल्या, पण टिंब मधल्या पट्ट्यात असलेल्या मुलाच्या आईला औषध न लिहिता परत पाठवता येणं ही त्याची पहिली परीक्षा समजा. बाराव्या वर्षीच्या लठ्ठ मुलापेक्षा ही केस अवघड आहे, कारण आई चिठ्ठीशिवाय उठायला तयार नसते.

अंगावरच्या खुणा रेसिडेंट लवकर शिकतात, म्हणून यावर फार वेळ घालवत नाही. मान पाहायला सांगा. मानेवर आणि काखेत काळपट, मखमली, जाडसर कातडी असेल तर ती इन्सुलिनला शरीर दाद देत नसल्याची खूण. घरी मात्र त्याला मळ समजतात. एका मुलीची मान आईने दगडाने घासून सोलून आणलेली मी पाहिली आहे, आणि तिला शाळेत बाई 'आंघोळ करून ये' म्हणत. "हा मळ नाही, कितीही घासलं तरी जाणार नाही, आतली साखरेची यंत्रणा सुधारली की हळूहळू फिका पडेल" एवढं बोलल्यावर त्या मुलीचा चेहरा बदलतो आणि आईही ऐकायला लागते. आजाराबद्दल बोलायला यासारखा दरवाजा नाही.

दुसरी खास आपल्याकडची तक्रार मुलग्यांची. वडील दार लावून घेतात, आवाज खाली आणून म्हणतात, "डॉक्टर, याची जागा लहान आहे." दहापैकी बहुतेक वेळा इंद्रिय नीट असतं, ओटीपोटाच्या चरबीत बुडालेलं असतं. रेसिडेंटला पट्टी घेऊन चरबी हाडापर्यंत दाबून मोजायला शिकवा आणि वडिलांना तिथेच दाखवायला शिकवा. हार्मोनच्या तपासण्यांचा मोठा खर्च वाचतो, आणि जे वडील आहाराबद्दल बोलायला कधी आले नसते ते समोर बसलेले असतात.

तपासण्यांबाबत एकच गोष्ट घोकून घ्या. उंच आणि लठ्ठ मूल बहुधा साध्या लठ्ठपणाचं असतं. बुटकं आणि लठ्ठ मूल दिसलं की थांबायचं आणि मागचा आजार शोधायचा. थायरॉइड, कुशिंग, वाढीचं संप्रेरक, प्रॅडर-विली, सहा बोटं आणि रातांधळेपणा असेल तर बार्डेट-बीडल. पाच वर्षांच्या आत सुरू झालेला, भुकेने वेडापिसा करणारा लठ्ठपणाही वेगळ्या रांगेत. स्टेरॉइड, व्हॅल्प्रोएट, रिस्पेरिडोन अशी वजन वाढवणारी औषधं चालू आहेत का विचारा, दम्यासाठी कुठल्या वैदूची पुडी चालू आहे का तेही. बाकीच्यांमध्ये टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) सहा-सात आलं की थायरॉइडची गोळी सुरू करायची घाई होते. ते किंचित वाढलेलं टीएसएच बहुतेकदा लठ्ठपणाचा परिणाम असतं, कारण नसतं. पण गोळी सुरू झाली की घरात निकाल लागतो, "त्याला थायरॉइड आहे," आणि पुढचं सगळं समुपदेशन पाण्यात. दहा वर्षांपुढच्या लठ्ठ मुलाला साखर, लिपिड (रक्तातली चरबी) आणि एएलटी (यकृताची तपासणी) एवढं पुरे. घोरतो का, लंगडतो का किंवा गुडघा-जांघ दुखते का, डोकं दुखतं का, मुलींची पाळी नियमित आहे का, हे तोंडी विचारायचं. जांघेच्या दुखण्याला मलम देऊन पाठवलेला मुलगा मांडीच्या हाडाचं डोकं घसरलेल्या अवस्थेत परत येऊ शकतो.

आता बोलणं. यासाठी बाहेरचा पुरावा एकच देते. अमेरिकेत ४२ बालरोग दवाखान्यांत दोन ते आठ वर्षांच्या जास्त वजनाच्या मुलांवर एक चाचणी झाली, २०१५ मध्ये छापून आली. डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना पालकांशी बोलायची एक पद्धत शिकवली होती, ज्यात सल्ला देण्याऐवजी पालकांच्याच तोंडून बदलाची इच्छा बाहेर काढायची असते. दोन वर्षांत डॉक्टरांच्या चार आणि आहारतज्ज्ञांच्या सहा भेटी ठरवल्या होत्या. शेवटी या गटाचं सरासरी बीएमआय पर्सेंटाइल ८७.१ होतं, नेहमीच्या पद्धतीने पाहिलेल्यांचं ९०.३. फरक डोळे दिपवणारा नाही. पण औषध नाही, यंत्र नाही, बोलण्याची रीत बदलून ठरावीक भेटी घेतल्या म्हणून एवढा पडला, हे रेसिडेंटना सांगण्यासारखं आहे.

ती रीत मराठीत कशी दिसते? समजा नऊ वर्षांचा मुलगा सर्दीसाठी आलाय. आधी सर्दीचं काम पूर्ण करायचं. ज्यासाठी आले ते बाजूला ठेवून वजनावर घसरलात तर आई मनातून उठून गेली. मग:

"आई, औषध लिहिलंय. त्याच्या वाढीचा तक्ता दाखवू का? एक मिनिट लागेल."

ती "हो" म्हणते. कधीच कोणी "नको" म्हणालेलं मला आठवत नाही, पण विचारणं महत्त्वाचं.

"ही उंची, मस्त चाललीय. हे उंचीच्या मानाने वजन. दोन वर्षांपूर्वी इथे होता, आता या रेषेच्या वर गेलाय. तुम्हाला काय वाटतं?"

आणि मग गप्प बसायचं. रेसिडेंटला शिकवायला सगळ्यात अवघड काही असेल तर ही शांतता. त्याला तीन सेकंद निघत नाहीत, लगेच "बाहेरचं बंद करा, तळलेलं बंद करा, मोबाइल बंद करा" सुरू होतं. मी शेजारी बसून टेबलाखालून पायाने खुणावते.

आई काय म्हणते ते ठरलेलं आहे. "त्याचे बाबापण लहानपणी असेच होते." किंवा, "उंची वाढली की आपोआप बारीक होईल ना?" किंवा, "अहो, तो तर दोनच पोळ्या खातो!" या तिसऱ्या वाक्यावर आपले रेसिडेंट हमखास घसरतात. "मग काय हवा खाऊन वजन वाढलं?" हा टोमणा मी वेगवेगळ्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय की तो अभ्यासक्रमात असावा असं वाटतं. आई खोटं बोलत नसते. जेवणात दोनच पोळ्या असतात. त्याऐवजी असं म्हणा: "जेवण ठीक आहे म्हणता. शाळेतून आल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत काय काय होतं, सांगाल?" चार ते आठ या वेळात सगळं सापडतं. आल्या आल्या दूध-पावडर, क्लासला जाताना बिस्किटांचा पुडा, येताना कोपऱ्यावरचा वडापाव, टीव्हीसमोर आजीने वाटीत दिलेलं फरसाण, आणि भूक मेलेली म्हणून रात्री दोनच पोळ्या. हे सांगता सांगता आई मध्येच थांबते आणि स्वतःच म्हणते, "तसं बघितलं तर..." त्या वाक्याची वाट पाहायची. ते तुम्ही म्हणालात तर सल्ला होतो, ती म्हणाली तर निर्णय.

मग एकच बदल तिला निवडू द्यायचा आणि विचारायचं, "हे जमेल याची खात्री दहापैकी किती?" ती "सहा" म्हणाली तर "दहा का नाही?" विचारू नका, सबबी ऐकायला मिळतील. "सहा कसे, चार का नाही?" विचारा. ती तिच्या जमेच्या बाजू सांगायला लागते. "नाही, रविवारी त्याचे बाबा घरी असतात, ते नेतील ना खेळायला." तीन-चार म्हणाली तर बदल फार मोठा आहे, लहान करा.

"उंची वाढली की बारीक होईल" या वाक्यालाही झिडकारू नका, त्यात अर्धं खरं आहे. मघाचा दहा वर्षांचा मुलगा घ्या. दोन वर्षांत त्याची उंची १५१ झाली आणि वजन ४८ च राहिलं तर बीएमआय २४.५ वरून २१ वर येतो. म्हणजे वजन कमी करायचं नाही, थांबवायचं. हा हिशोब कागदावर करून दाखवला की घरातलं निम्मं दडपण उतरतं. फार लठ्ठ मुलांत किंवा उंची वाढायची थांबलेल्या किशोरांत मात्र हे गणित चालत नाही, तिथे थोडं वजन उतरवावं लागतं आणि तेही सावकाश.

आजीला विसरू नका. आपल्या घरांत मुलाच्या खाऊची किल्ली आजीकडे असते, आणि तिला "खाऊ देऊ नका" म्हणणं म्हणजे "लाड करू नका" म्हणण्यासारखं आहे. ती ऐकून घेते आणि घरी गेल्यावर सूनबाईला सुनावते. आजीला काम द्या. "आजी, संध्याकाळी याला बागेत न्यायचं तुमच्याकडे. आणि फरसाणाच्या डब्याऐवजी शेंगदाणे, फळ, काकडी, जे तुम्ही ठरवाल ते." अधिकार तिच्याकडेच राहतो, डब्यातला माल बदलतो.

छापील आहारपत्रकं एकदा सगळी काढून वाचा. ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल असेल तर रद्दीत घाला. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या, दोघंही कामाला जाणाऱ्या घराला "पोहायला पाठवा" सांगणं म्हणजे चेष्टा आहे. भाकरी-उसळ आधी आणि भात नंतर, ताटात एकदा वाढलेलं संपल्यावर दहा मिनिटं थांबून मग पुन्हा वाढणं, ताक, कोशिंबीर, साखर घातलेलं दूध दिवसातून एकदाच. शाळेबद्दल विचारा. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार शाळेत आणि शाळेच्या ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकायला मनाई आहे. फाटकाबाहेरची गाडी कुठे उभी असते ते मुलाला विचारलं की नियमाचं काय झालं ते कळतं.

मुलासमोर 'जाड', 'लठ्ठ', 'ढोल्या' हे शब्द आईनेही वापरू नयेत आणि आपणही. बारा वर्षांपुढच्या मुलाशी पाच मिनिटं एकट्याने बोला. शाळेत काय म्हणतात, हे नुसतं विचारा. चिडवण्यामुळे पीटीच्या तासाला पोट दुखणारी मुलं फार आहेत. जेवण टाळणं, लपून खाणं, खाऊन उलटी काढणं याचीही चौकशी तिथेच करा, कारण आपलंच बोलणं ऐकून एखादी मुलगी त्या वाटेला लागू शकते.

प्रशिक्षणाची मांडणी साधी ठेवा. आठवड्यातून एक तास, चार-पाच रेसिडेंट. एक डॉक्टर, एक आई, एक आजी, बाकीचे पाहणार. आईची भूमिका सिस्टरला किंवा समाजसेविकेला द्या. त्या रोज आया ऐकतात, त्यामुळे रडतातही खऱ्यासारखं. दुसऱ्या फेरीत झापणाऱ्या रेसिडेंटलाच आई करा आणि दुसऱ्याला झापायला लावा. माझ्या अनुभवात याहून गुणकारी धडा नाही. मग ओपीडीत खऱ्या पालकांसमोर एकदा तुम्ही बोला, तो पाहील, आणि पुढच्या वेळी तो बोलेल, तुम्ही पाहाल. अखिल भारतीय कोट्यातून आलेल्यांना मराठी येत नसतं, त्यांना वरची दहा-बारा वाक्यं कागदावर देऊन पाठ करून घ्या. मोडक्या मराठीत "तुम्हाला काय वाटतं?" विचारणाऱ्या मल्याळी रेसिडेंटला आया जास्त मोकळेपणाने सांगतात, ही गंमत मी नेहमी पाहते.

स्वतः लठ्ठ असलेला रेसिडेंट या तासाला कोपऱ्यात बसतो. त्याला खाजगीत सांगा की त्याने बोललेलं पालक अधिक ऐकू शकतात. आणि रात्री दोनला ड्युटीवर वडापाव-चहावर जगणाऱ्यांनी संयमावर प्रवचन देऊ नये, हेही सगळ्यांना एकदा ऐकवा. पालकांवरची चीड बरीचशी इथून निवळते.

अमेरिकन बालरोग अकादमीने २०२३ च्या मार्गदर्शिकेत तीन ते बारा महिन्यांत किमान २६ तास प्रत्यक्ष समुपदेशन मागितलं आहे. आपल्या ओपीडीत मुलाला चार मिनिटं मिळतात. तेव्हा तो आकडा भिंतीवर लावून हताश होण्यापेक्षा शनिवारी सकाळी आठ-दहा कुटुंबांचा एकत्र गट बसवा, आहारतज्ज्ञांना त्यात घ्या, आणि बाकी काम लसीच्या, खोकल्याच्या भेटींना जोडून महिन्याला एक प्रश्न या गतीने चालू द्या. पालक आता वजन उतरवायचं 'ते इंजेक्शन' विचारतात. सेमाग्लुटाइडला अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये बारा वर्षांपुढे मान्यता मिळाली. भारतात वजनासाठीची ही इंजेक्शनं २०२५ मध्ये आली ती मोठ्यांसाठी. रेसिडेंटने स्वतःच्या अखत्यारीत सुरू करायची ही गोष्ट नाही, अंतःस्रावतज्ज्ञांकडे पाठवायची आहे, एवढं ठरवून द्या.

परिणाम मोजायचा तर महिन्याला वीस केस पेपर उचला. बीएमआय लिहिलाय का, टिंब आहे का, रेषेच्या वर असेल तर त्यावर एक ओळ तरी लिहिली आहे का, आणि ते कुटुंब पुढच्या महिन्यात आलं का. पहिले सहा महिने मुलांचं वजन किती उतरलं हे विचारू नका. ते विचारलंत की रेसिडेंट पुन्हा झापायला लागतात. आणि अंतर्गत परीक्षेत लठ्ठ मुलाची एक शॉर्ट केस ठेवा, जिथे निदान आधीच सांगितलेलं असेल आणि गुण फक्त आईशी झालेल्या बोलण्याला असतील.